बारा हजार सोसायट्या, एक किर्द

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नोंद’ हा विषय दिला आणि मी विकास सोसायटीच्या दप्तराची वाट धरली. खेड्यातल्या माणसाच्या व्यवहाराची इतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते. कुणाकडे किती गुंठे, त्यात ऊस की सोयाबीन, गेल्या साली खत किती उचललं, भरणा कधी केला, जामीन कोण राहिलं, बाप कधी वारला आणि जमीन कुणाच्या नावावर चढली, हे सगळं तिथल्या जाडजूड वह्यांत असतं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम हातानं लिहिलेल्या किर्द-खतावणीवर चाललं. आता ते देशभरासाठी केलेल्या एकाच संगणकप्रणालीत जातं आहे.

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज होता २,५१६ कोटी रुपये, मुदत पाच वर्षांची आणि अंमलबजावणी नाबार्डकडे. पुढे संस्थांची संख्याही वाढली आणि खर्चही. महाराष्ट्रात या संस्थांना विकास सोसायट्या म्हणतात, आणि त्या सुमारे २१ हजार आहेत. त्यांतल्या बारा हजारांना या योजनेत मंजुरी मिळाली. संगणक, प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, वीज गेली तर तग धरणारी बॅटरी, एवढं सामान सोसायटीत येऊन पडलं की बातमी होते, फोटो छापून येतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हजारो गावांत हजारो तऱ्हांनी लिहिला जाणारा एकच व्यवहार सगळ्यांनी एकाच रीतीनं लिहायचा, एकाच दिवशी मिटवायचा आणि त्याचं व्याज एकाच पद्धतीनं मोजायचं, हे ते काम.

हे व्हायला हवं, आणि फार पूर्वीच व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते कसं होतं आहे आणि कुणाच्या जिवावर होतं आहे, हे गावात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

गाव, जिल्हा, मुंबई

आपल्याकडची ग्रामीण सहकारी पतव्यवस्था त्रिस्तरीय आहे. गावात सोसायटी, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक, वर मुंबईत राज्य सहकारी बँक. शेतकऱ्याला मिळणारा पैसा वरून खाली येतो आणि वसुली खालून वर जाते. जिल्हा बँका ३१. राज्य बँकेची सुरुवात १९११ ची, विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं झालेली.

या तिघांत सोसायटीची जागा विचित्र आहे. कर्ज तीच देते, वसुली तीच करते, पण ती बँक नाही. बँकिंग नियमन कायदा तिला लागू होत नाही, नावात ‘बँक’ हा शब्द लावता येत नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची थेट देखरेख नसते. तिचा कायदा म्हणजे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, आणि तिचा साहेब म्हणजे तालुक्याचा सहायक निबंधक. जिल्हा बँकेच्या लेखी ती एक कर्जदार सभासद. जिल्हा बँकांनी आपला कारभार कोअर बँकिंगवर नेला त्याला आता बरीच वर्षं झाली. शाखेत व्यवहार झाला की मुख्य कार्यालयात दिसतो. पण ती साखळी शाखेच्या काउंटरवर संपायची. शाखेला दिसायचं ते एवढंच, की अमुक सोसायटीकडून इतके लाख येणे. ते इतके लाख गावातल्या कोणाकोणाकडे आहेत, हे फक्त सोसायटीच्या खतावणीत.

नोटाबंदीच्या वेळी याची किंमत मोजावी लागली. १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. राष्ट्रीयीकृत बँकांना मुभा, खाजगी बँकांना मुभा, आणि ज्या बँकेत निम्म्या गावाची खाती तिला बंदी. पुढे नाबार्डकडून या बँकांच्या खातेदारांच्या ओळखीच्या कागदपत्रांची तपासणी झाली. त्या निर्णयानं शेतकऱ्यावर अन्याय झाला, असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण सहकाराच्या नोंदींवर वरच्यांचा भरवसा नाही, हे त्यातून उघड झालं आणि तो मिळवण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली.

नवं-जुनं

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात कृष्णाकाठच्या एका सोसायटीत बसलो होतो. वाळवा तालुक्यातलं, उसाचं गाव. सोसायटीची इमारत जुनी, पुढं खताचं गोडाऊन, आत एक लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला संगणक, दुसऱ्या टोकाला तीच जुनी किर्द उघडी. सध्या दोन्हीकडे लिहावं लागतं.

“आबा, आधार आणलंय न्हवं?” सचिवांनी विचारलं. आबांनी टोपीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. अंगठा यंत्रावर टेकवला. यंत्रानं नाकारला. पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा नकार. उसाच्या पाचटात आणि मातीत आयुष्य गेलेल्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. शेवटी दुसऱ्या बोटावर काम झालं.

आबा भरणा करायला आले होते. मुदतीत फेड केली तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. केंद्राची व्याज सवलत आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते जमतं. मुदत एक दिवसानं हुकली तर सवलत गेली आणि खातं थकबाकीत. म्हणून मार्चमध्ये गावोगाव ‘नवं-जुनं’ चालतं. हातात पैसा नसला तरी मेहुण्याकडून, दुकानदाराकडून, नाहीतर सावकाराकडून चार दिवसांसाठी रक्कम आणायची, जुनं कर्ज फेडायचं, नवं मंजूर करून घ्यायचं आणि उसनवारी परत करायची. कागदोपत्री वसुली उत्तम. त्या चार दिवसांचं सावकाराचं व्याज कुठल्याच दप्तरात नसतं.

वहीच्या काळात या आठवड्याला थोडी सैल गाठ असे. एखादा सभासद दोन किंवा तीन एप्रिलला पैसे घेऊन आला तर पावतीवर ३१ मार्च पडायचा. पावतीपुस्तकात मधली दोन-चार पानं कोरी ठेवलेली असायची. हे माणुसकीचं काम म्हणून सांगितलं जातं, आणि कधी कधी ते तसं होतंही. पण ती कोरी पानं कुणासाठी राखली जायची, हे गावात विचारून पाहावं. चेअरमनचा भाऊबंद, संचालकाचा व्याही, कारखान्याच्या गटातला कार्यकर्ता यांच्यासाठी वही एप्रिलमध्येही उघडी असायची; वाडीवरच्या विधवेसाठी ती ३१ तारखेला संध्याकाळी बंद व्हायची.

नव्या प्रणालीत रोजचा दिवस रोज मिटवावा लागतो. रोख मोजायची, तेरीज जुळवायची, आणि ‘डे-एंड’ करायचा. तो झाला की मागच्या तारखेची पावती फाडता येत नाही. मुदत सर्वांना सारखी. एकसारख्या पद्धतीचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण त्याच टेबलावर त्याची दुसरी बाजूही पाहिली. उसाच्या पट्ट्यात बरीच वसुली कारखान्यामार्फत होते. सभासदानं ऊस घातला, कारखान्यानं बिलातून सोसायटीची रक्कम कापली, कापलेल्या रकमांची यादी आणि पैसे जिल्हा बँकेच्या शाखेत गेले. कपात एका तारखेला, पैसे जमा दुसऱ्या तारखेला, आणि सोसायटीच्या हाती यादी तिसऱ्याच तारखेला. सचिव पूर्वी कपातीची तारीख धरून सभासदाच्या नावे जमा टाकत. आता दिवस मिटलेला असतो. जमेला यादी आल्याची तारीख लागते. सभासदाचे पैसे वेळेत कापले गेले, तरी व्याज चढतं त्याच्याच खात्यावर. यावर उपाय अवघड नाही. कारखान्यानं कपात केली तोच भरण्याचा दिवस, असा नियम प्रणालीत घालायला हवा. पण हा नियम हवा हे ज्याला माहीत आहे तो वाळव्यात बसला आहे, आणि जो तो घालू शकतो त्यानं कारखान्याची वसुली यादी कधी हातात घेतलेली नाही.

क. म. पत्रक

सोसायटीच्या कामाचा कणा म्हणजे कमाल मर्यादा पत्रक. सगळे त्याला ‘क. म.’ म्हणतात. हंगामाआधी सचिव गावातल्या प्रत्येक सभासदाची जमीन, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, त्यात घ्यायची पिकं आणि दर एकरी किती कर्ज लागेल, हे मांडतो. दर एकरी रक्कम जिल्ह्याच्या तांत्रिक समितीनं पीकवार ठरवलेली असते. उसाला जास्त, ज्वारीला कमी. ते पत्रक पंचकमिटीपुढे जातं, मग बँकेचा इन्स्पेक्टर पाहतो, मग बँकेच्या शाखेतून मुख्य कार्यालयात मंजुरी. जमिनीवर सोसायटीचा बोजा चढवणारा इ करार तलाठ्याकडे नोंदवला जातो. त्यानंतर उचल, थोडी रोख आणि थोडी खत-बियाण्याच्या रूपात. उचलीतून शेअर कपात.

हे पत्रक नीट वाचलं तर गावाची शेती वाचता येते. आणि इथंच एकसारखेपणाची कसोटी लागते, कारण क. म. मध्ये हिशेबाइतकाच सचिवाचा अंदाज असतो. एकाच्या सातबाऱ्यावर दोन एकर ऊस आहे, पण विहीर आटली आहे आणि यंदा तो हरभऱ्यावर जाणार, हे सचिवाला माहीत असतं. दुसऱ्याच्या नावावर जमीन आहे पण कसतो धाकटा भाऊ, आणि खत त्याला हवं आहे. यंत्राला सातबारा दिसतो. ई-पीक पाहणीची नोंद बिनचूक आणि वेळेत असेल तर पीकही दिसेल. भावाभावातला समझोता दिसत नाही.

कागद सोडून माणूस पाहून कर्ज द्यावं, असं मी म्हणत नाही. त्या वाटेनं किती सोसायट्या बुडाल्या हे सर्वांना ठाऊक आहे. पण सचिवाचा शेरा लिहायला पत्रकात एक रकाना हवा, आणि त्या शेऱ्याखाली त्याची सही हवी. अंदाज तोंडी राहिला की त्याची वशिलेबाजी होते. सहीनिशी लिहिला की त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो.

अनिष्ट तफावत

सहकार खात्याच्या भाषेत ‘अनिष्ट तफावत’ हा शब्द फार भीतीनं उच्चारला जातो. अर्थ सोपा आहे. सोसायटीनं जिल्हा बँकेला देणं असलेली रक्कम, सभासदांकडून सोसायटीला येणं असलेल्या रकमेपेक्षा जास्त झाली की तफावत अनिष्ट. गावातल्या प्रत्येकानं पै न पै फेडली तरी सोसायटी बँकेचं देणं फेडू शकणार नाही, अशी ती अवस्था.

अपहार झाला की तफावत येते, हे सगळ्यांना समजतं. वसूल झालेल्या पैशातून पगार, वीजबिल, सभेचा खर्च भागवला तरी येते. पण कुणीही एक रुपया खाल्ला नाही तरी ती कशी येते, हे एका निवृत्त बँक इन्स्पेक्टरांनी मला पाटीवर मांडल्यासारखं करून दाखवलं. सभासदानं २० मार्चला एक लाख भरले. सोसायटीनं त्याच दिवशीची पावती दिली, त्याचं व्याज तिथं थांबलं. पैसे बँकेच्या शाखेत गेले २५ मार्चला. बँकेचं व्याज पाच दिवस चालू राहिलं. बँकेचा दर ४ टक्के धरला तर लाखाला पाच दिवसांचे होतात सुमारे ५५ रुपये. चहापाण्यात जाण्याइतकी रक्कम. पण असे चारशे सभासद असले तर एका मार्चमध्ये बावीस हजार. ते कुणाच्याच नावावर नाहीत, आणि बँकेचं येणं मात्र पक्कं.

दुसरं कारण जमेच्या क्रमाचं. थकलेल्या खात्यावर पैसे आले की बँक आधी व्याज जमा करून घेते, उरलं तर मुद्दल. सोसायटी मात्र पुष्कळदा सभासदाचं मन राखायला, नाहीतर संचालकाच्या सांगण्यावरून, आधी मुद्दल कमी करते. पाच-दहा वर्षांत दोन्ही खतावण्या एकमेकींपासून इतक्या लांब जातात की रुजवात घालायला बसलेला माणूस हात टेकतो. त्यात व्याज सवलतीची रक्कम सरकारकडून उशिरा येते. कुणी ती ‘येणे’ दाखवतं, कुणी सभासदाच्या व्याजातून आधीच वजा करून टाकतं, कुणी अनामत खात्यात ठेवून विसरतं. तोच व्यवहार तीन गावांत तीन ठिकाणी लिहिलेला.

याचा इलाज सुचवून वीसेक वर्षं झाली. ए. वैद्यनाथन यांच्या समितीनं २००५ च्या अहवालात सोसायट्यांना आर्थिक मदत द्यायची तर त्यासोबत समान हिशेबपद्धत हवी, असं सांगितलं होतं. नमुने आले, खातेसूची ठरली, प्रशिक्षणं झाली. पण वही हाताचीच राहिली, आणि हाताला जुनी सवय होती. आता खातेसूची यंत्रातच आहे, जमेचा क्रम यंत्रच लावतं, व्याज दिवसावर मोजतं. थकलेल्या कर्जाचं न आलेलं व्याज नफा म्हणून दाखवून लाभांश वाटण्याची जी वाईट खोड काही सोसायट्यांना होती, तीही यातून सुटेल. काही गावांत त्यामुळे पहिल्याच वर्षी तोटा दिसणार आणि सभेत आरडाओरडा होणार. तोटा आधीपासून होता. तो दिसत नव्हता.

मात्र जुन्या वहीतून नव्या प्रणालीत जाताना एक अवघड वळण आहे. प्रारंभिक शिल्लक भरताना एकेका सभासदाच्या बाकीची बेरीज आणि लेखापरीक्षित ताळेबंदातला आकडा जुळावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो जुळत नाही. फरक काही शेकड्यांचा असतो, काही ठिकाणी लाखांचा. वरून रोज विचारणा होते, किती सोसायट्या ‘गो-लाईव्ह’ झाल्या. अशा वेळी फरकाच्या रकमेचं एक कल्पित खातं उघडून मोकळं होण्याचा मोह किती दाट असतो, हे मी पाहिलं आहे. तो टाळलाच पाहिजे. फरक फरक म्हणून दाखवावा, सभेपुढे ठेवावा, आणि त्याची वर्षवार छाननी व्हावी. नाहीतर जुनी तफावत नव्या यंत्रात कायमची घर करील, आणि छापील कागदावर आल्यामुळे तिच्यावर कुणी शंकाही घेणार नाही.

यंत्रात आहे म्हणून खरं आहे, असं मानण्याचा फटका आपल्या राज्यानं खाल्लेला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ती नागरी बँक, संगणकीकृत, अनेक राज्यांत शाखा. एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली होती. ती बँकेच्या मुख्य प्रणालीत उघडलेलीच नव्हती. तपासणीसाठी द्यायच्या यादीत तेवढी भरली होती. हे पुढे व्यवस्थापकीय संचालकांच्याच पत्रातून बाहेर आलं. प्रणाली आणि यादी यांची रुजवात कुणी घातली असती तर हजारो ठेवीदारांची परवड टळली असती.

सहासष्ट रकाने

जून २०१७ मध्ये राज्य सरकारनं दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. बँकांना प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची होती. त्या दिवाळीत सोसायट्यांत काय चाललं होतं, हे त्या वेळच्या सचिवांना विचारावं. नाव, गाव, सर्व्हे नंबर, आधार, उचलीची तारीख, मुद्दल, व्याज, पुनर्गठन झालं असेल तर ते, आणि ही सगळी माहिती वेगवेगळ्या वह्यांतून उपसायची. भरून पाठवलेल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची खाती निघाली. पात्र माणसं महिनोन्‌महिने ताटकळली.

दोन वर्षांनी महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली तेव्हा आधारचं प्रमाणीकरण सक्तीचं झालं, गावात याद्या लागल्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. काम पुष्कळ सुकर झालं. फरक सरकारच्या मनोभूमिकेत कमी आणि माहिती गोळा करण्याच्या पद्धतीत जास्त होता, असं मला वाटतं. सहकारातल्या मंडळींना नमुन्यांचा कंटाळा आहे आणि तो साहजिक आहे. पण त्या साली रकाने भरायला हाताशी एकसारखी नोंद असती, तर सोसायटीच्या पायरीवर बसून राहण्याची वेळ अनेकांवर आली नसती.

नमुना कुणाच्या हातात

आपल्या पतसंस्थांचं मूळ जर्मनीत. मद्रास सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपात पाठवलं, त्यांनी रायफायझन यांच्या गावपातळीवरच्या पतसंस्थांची भलामण केली, आणि १९०४ चा कायदा झाला. त्या जर्मनीत आजही शेकडो स्थानिक सहकारी बँका आहेत. प्रत्येकीचं संचालक मंडळ वेगळं, सभासद वेगळे, कर्ज कुणाला द्यायचं याचा निर्णय तिचा. पण संगणकप्रणाली त्यांनी मिळून उभ्या केलेल्या एकाच कंपनीची आहे, अत्रुविया तिचं नाव. म्हणजे यंत्र समाईक, आणि यंत्राच्या मालकही बँकाच.

नेदरलँड्समधली राबोबँकही रायफायझनच्याच विचारातून आलेली. तिथं १ जानेवारी २०१६ ला १०६ स्थानिक बँका मध्यवर्ती संस्थेत विलीन झाल्या आणि सगळ्यांचा मिळून एकच परवाना उरला. आपल्या देशात केरळनं २०१९ मध्ये १३ जिल्हा बँका राज्य बँकेत मिळवल्या. राहिलेली मलप्पुरमची बँक पुढे २०२३ मध्ये आली. प्रत्येकाची कारणं होती आणि ती पोकळ नव्हती. पण नमुना एक केला की संस्थाही एक करण्याकडे ओढ लागते, हे त्यातून दिसतं. जिथं सगळे व्यवहार सारखे, तिथं वेगळ्या मंडळाची, वेगळ्या सभेची गरज काय, असा प्रश्न वरच्या कार्यालयात कुणीतरी विचारतंच.

मला जर्मनीची वाट योग्य वाटते. हिशेबाची शिस्त सगळ्यांची एक असावी आणि पत पारखण्याचा अधिकार गावाचा राहावा. पण त्यासाठी प्रणालीत बदल कसा मागायचा, याचा रस्ता सोसायटीला माहीत हवा. आज सचिव अडला तर मदत कक्षाला फोन करतो, तक्रारीचा नंबर घेतो आणि वाट पाहतो. कारखाना-वसुलीच्या तारखेसारखा प्रश्न ‘तक्रार’ नसतो. तो नियमाचा प्रश्न असतो. असे प्रश्न गोळा करून वर्षातून एकदा जिल्हा बँक, सचिव आणि प्रणाली चालवणारे यांना एका टेबलाशी बसवणारी व्यवस्था मला कुठं दिसली नाही. नागरी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये शिखर संस्था सुरू झाली, तिच्याकडून तंत्रज्ञानाची समाईक सेवा मिळावी अशी अपेक्षा आहे. तिथं निदान सभासद बँकाच भागधारक आहेत. विकास सोसायट्यांना त्यांच्या प्रणालीवर असा हक्क नाही.

आदर्श उपविधींचंही तेच. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये ते राज्यांकडे पाठवले. सोसायटीनं कर्जाखेरीज गोदाम, दूध, मासेमारी, गॅस, जनऔषधी असे पंचवीसहून अधिक व्यवसाय करावेत अशी त्यांत सोय आहे. सामान्य सुविधा केंद्र चालवायलाही मुभा मिळाली आहे. हे चांगलंच आहे. पण विदर्भातल्या कापसाच्या गावाला आणि कोकणातल्या आंब्याच्या गावाला कुठला व्यवसाय झेपेल हे त्या गावाच्या सभेनं ठरवावं. यादीतून टिकमार्क करून ते ठरणार नाही.

गटसचिव

या सगळ्या बदलाचा भार ज्याच्या खांद्यावर आहे तो माणूस म्हणजे गटसचिव. त्याच्याकडे एक सोसायटी क्वचित. दोन, तीन, कधी त्याहून अधिक. पगार सोसायट्यांच्या वर्गणीतून, आणि सोसायटी तोट्यात असली की वर्गणी थकते. पगार महिनोन्‌महिने न झाल्याच्या तक्रारी राज्यभर ऐकू येतात. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. आणि या माणसाकडून अपेक्षा अशी, की त्यानं दिवसा वसुलीला फिरावं, संध्याकाळी किर्द लिहावी, रात्री तीच किर्द संगणकात भरावी आणि झोपण्याआधी तीनही सोसायट्यांचा डे-एंड करावा.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गटसचिवांबरोबर त्यांच्या मोटारसायकलवर फिरलो. डिकीत पावतीपुस्तकं, शिक्के, एका सोसायटीचा लॅपटॉप. दुसऱ्या सोसायटीच्या इमारतीचं छप्पर गळतं म्हणून तिथला संगणक त्यांनी घरी आणून ठेवला आहे. रेंज मिळते ती शाळेच्या मागच्या टेकाडावर, मग ते तिथं जाऊन दिवस मिटवतात. त्यांचं अक्षर सुरेख आहे. खतावणीची पानं पाहत बसावीत असं. मराठीत टंकायला ते वयाच्या पन्नाशीत शिकले, मुलीकडून. प्रशिक्षण झालं ते तालुक्याला, एका हॉलमध्ये साठ-सत्तर जण आणि पडद्यावर चित्रं. त्यानंतर जे शिकले ते एकमेकांना फोन करून.

संगणकासाठी पैसे मंजूर झाले तसे या माणसाच्या पगारासाठीही व्हायला हवे होते. एकसारखी पद्धत राबवायची आणि ती राबवणाऱ्याला एकसारखा पगार द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

मयत सभासदांची यादी

त्या डोंगरपट्ट्यातल्या सोसायटीत कर्जवाटप जवळजवळ थांबलं आहे. जिल्हा बँकेचीच तब्येत बरी नाही, आणि जुनी थकबाकी मोठी. तरी सचिवांचं काम कमी नव्हतं, कारण प्रणालीत सभासद भरताना नाव, जन्मतारीख, आधार, वारस हे रकाने रिकामे सोडता येत नाहीत. सोसायटीच्या ‘आय’ नमुन्याच्या सभासद नोंदवहीत मात्र नावं होती ती अशी: महादू, महादेव, महादा. एकच माणूस, तीन हंगामांत तीन सचिवांनी तीन तऱ्हांनी लिहिलेला. सातबाऱ्यावर चौथं नाव, आधारवर पाचवं. बायकांची नावं त्याहून अवघड. काही ठिकाणी फक्त अमुक याची बायको एवढीच नोंद.

यादी घेऊन ते घरोघर गेले, मी बरोबर होतो. नोंदवहीतले कितीतरी सभासद वारलेले. त्यांचे शेअर तसेच पडून, त्यांच्या नावानं सभेच्या नोटिसा अजून निघतात. कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे करता येतो. पण अर्ज कुणी केला नव्हता आणि कुणी करायला सांगितलंही नव्हतं. एका घरात विधवा सून चुलीपाशी होती. नवऱ्याच्या नावावर कर्ज होतं हे तिला माहीत होतं. त्याच्या नावावर शेअरही आहेत आणि ते तिच्याकडे येऊ शकतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“ताई, मृत्यूचा दाखला आहे ना? आणि सातबाऱ्यावर वारस लागलेत का?” सचिवांनी विचारलं.

दाखला होता. वारसाचा फेरफार झालेला नव्हता; दिरानं हरकत घेतली होती. सचिवांनी तिचं आधार पाहून पूर्ण नाव लिहून घेतलं, वारसाच्या अर्जावर सही घेतली. सही ती करू शकत होती, अंगठा द्यावा लागला नाही. तलाठ्याकडे आधी काय करायचं, हरकतीची सुनावणी कुणापुढे होते, सोसायटीचं पत्र कुठं लागेल, हे तिला दोनदा सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. तिनं विचारलं, जुनं कर्ज माझ्यावर येणार का. त्यांनी खरं ते सांगितलं: जमीन आणि शेअर येतात तसा बोजाही येतो, पण किती व्याज लागलं आहे ते नव्या खात्यावरून छापून देतो, मग कर्जमुक्तीच्या यादीत नाव का आलं नाही ते बघू.

पंचकमिटीच्या पुढच्या सभेसाठी अशा अर्जांचा गठ्ठा तयार होतो आहे. ठराव झाल्यावर ती नावं प्रणालीत चढतील, तोवर खातं मयताच्याच नावावर राहील. व्याजाचा छापील उतारा सचिव त्या आठवड्यातच काढणार होते. त्यासाठी प्रिंटरची शाई तालुक्याहून यायची होती.